ॲल्युमिनियमचा खडा का सापडत नाही?

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे. इतका दुसरा कोणताही धातू तिथे नाही. सोने टनभर खडकामागे सरासरी काही मिलिग्रॅम. तरी नदीच्या वाळूत सोन्याचे कण माणसाला हजारो वर्षांपासून मिळत आले आणि ॲल्युमिनियम मात्र १८२५ साली ओर्स्टेड यांनी कोपनहेगनला वेगळे काढले, तेव्हा कुठे धातूच्या रूपात दिसले. तेव्हा शुद्ध रूपात न सापडणारे मूलद्रव्य दुर्मिळच असणार, हे काही खरे नाही.

प्रश्न साठ्याचा नाही, संगतीचा आहे. ॲल्युमिनियमचा अणू बाहेरचे तीन इलेक्ट्रॉन सहज सोडतो, ऑक्सिजन ते ओढून घेतो. आणि कवचाचा जवळजवळ निम्मा भार ऑक्सिजनचाच. त्यांच्या संयोगात प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. जोडी फोडायची तर तेवढी परत मोजावी लागते. कोल्हापूरकडच्या सड्यांवर बॉक्साइट आहे. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधला चुना, सोडा, बरीचशी सिलिका धुऊन नेली, मागे ॲल्युमिनियम साचले, पण ऑक्सिजनसकट. पाऊस निवडू शकतो, तोडू शकत नाही. तोडायला १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी शोधलेली विजेची पद्धत लागते, आणि आजही किलोमागे साधारण १३ ते १५ युनिट वीज खर्ची पडते. भंगार वितळवायला याच्या जेमतेम विसावा हिस्सा ऊर्जा पुरते, कारण तिथे ऑक्सिजनपासून ताटातूट आधीच झालेली असते.

यावर कोणी म्हणेल, घरातले ॲल्युमिनियमचे पातेले तर वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते! राहते, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि पुढची वाट बंद होते. म्हणजे पातेले आपल्याच बाजूने साक्ष देते. रेल्वेचे रूळ सांधताना ॲल्युमिनियमची भुकटी लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावते, तेव्हा त्याचा खरा स्वभाव दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढा खटपटी ऑक्सिजन हवेत २१ टक्के मोकळा कसा? तो टिकून राहिलेला नाही, रोज नव्याने भरला जातो. सूर्याची ऊर्जा वापरून वनस्पती पाण्यातून तो सोडवतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवेत तो जवळपास नव्हताच. नायट्रोजनची गोष्ट वेगळी: त्याचे दोन अणू एकमेकांनाच इतके घट्ट धरून बसतात की इतरांकडे सहसा वळत नाहीत.

उरले अपवाद, आणि मला तेच सर्वांत बोलके वाटतात. ग्रीनलंडच्या डिस्को बेटावर बेसॉल्टमध्ये धातुरूप लोखंड आहे. तिथला लाव्हा कार्बनयुक्त थरांतून वर आला आणि कार्बनने ऑक्सिजन काढून घेतला. भट्टीचेच काम, भट्टीशिवाय. फ्लोरीन तर सर्वांत आक्रमक, पण बव्हेरियातल्या वोल्झेनडॉर्फच्या फ्लोराइट खनिजात तोही मोकळा असल्याचे २०१२ मध्ये सिद्ध झाले. आतल्या युरेनियमच्या किरणोत्साराने फ्लोराइट फोडले आणि सुटलेला वायू बारीक पोकळ्यांत कोंडला गेला. दगड ठेचला की उग्र दर्प येतो, आणि हवेतल्या बाष्पाशी गाठ पडताच तो फ्लोरीन पुन्हा संयुगात जातो.