जुन्या गाडीचे गचके

महाराष्ट्रांतील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत मोटार प्रथम आली ती 'फियाट' या नांवानें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून इटालियन नमुन्याची ही छोटी गाडी बाहेर पडत असे. १९७४ सालीं तिचें 'प्रीमिअर पद्मिनी' असें बारसें झालें आणि या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. मुंबईची टॅक्सी म्हणून तिची नोकरी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. खाजगी घरांत मात्र ती अजून आढळते, आणि तेथें तिच्याविषयीं बहुधा एकच तक्रार ऐकूं येते : इंजिन ठणठणीत आहे, पण आंत बसवत नाहीं.

पुण्यांतील एका घरीं वडिलांच्या वेळची अशी एक पद्मिनी आहे. वडील गेले, आई ऐंशीच्या पुढच्या, आणि मणक्याच्या दुखण्यानें हैराण. त्यांना महिन्यांतून एकदां डॉक्टरकडे न्यावें लागे, आणि मागच्या बैठकीवर बसून गेलें कीं पुढचे दोन दिवस त्या अंथरुणावर असत. गाडीच्या नोंदणीचें पांच वर्षांनीं करावयाचें नूतनीकरणही जवळ आलें होतें. दुरुस्त करावी कीं भंगारांत द्यावी, अशा विचारांत चिरंजीव असतांना एका मिस्त्रीनें सांगितलें, "साहेब, मागचे पाटे बसले आहेत. एक जादा पाटा टाकून देतों." पाटा पडला. गाडी मागून दोन बोटें उंच झाली आणि दिसण्यांत तरुण दिसूं लागली. डॉक्टरकडून परत येतांना आई एवढेंच म्हणाल्या, "अरे, यापेक्षां रिक्षा बरी."

मिस्त्री कसबी होता. निदान चुकलें होतें. तें कसें, हें समजण्यास गाडी कशावर तोलली आहे तें पाहिलें पाहिजे. छकड्यांत बसलेल्या माणसास चाकाखालचा प्रत्येक दगड मोजतां येतो. टांग्यांत तसें होत नाहीं, कारण आंस आणि बैठक यांच्यामध्यें पोलादी पाट्यांची कमान असते. पद्मिनीच्या मागच्या अंगास टांग्याचीच विद्या आहे : दोन्ही चाकांना जोडणारा एक अखंड आंस, आणि तो पाट्यांच्या दोन जुड्यांना आवळलेला. पुढचीं चाकें मात्र परस्परांपासून स्वतंत्र आहेत. प्रत्येक चाक वरखालच्या दोन भुजांमध्यें धरलेलें असून भार गुंडाळलेल्या स्प्रिंगवर असतो.

आतां, स्प्रिंग धक्का गिळून टाकते अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तो केवळ उसना घेते. घेतलेलें ती परत करतेच, आणि एकटी सोडली तर एका खड्ड्यानंतर गाडी झोपाळ्यासारखी वरखालीं होत राहील. हा झोका मोडण्याचें काम शॉक-ॲब्सॉर्बरचें, ज्याला गॅरेजांत 'शॉकअप' म्हणतात. नळींत तेल, तेलांत दट्ट्या, आणि तेल जाण्यास अगदीं बारीक वाटा. त्यांतून तेल रेटतांना झोक्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. खराब रस्त्यावरून बरेंच अंतर आल्यावर चारी नळ्यांना बेतानें हात लावून पाहावा. तीन कोमट आणि एक थंड लागली, तर त्या थंड नळीचा संशय घ्यावा.

माणसाच्या शरीरास मिनिटास ६० ते ९० संथ झोके मानवतात. त्याहून पुष्कळ जलद झाले कीं त्यांचे गचके होतात. मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरानें १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत कॅडिलॅकसाठीं काम करतांना, वजनें पुढेंमागें हलवतां येतील अशी एक प्रयोगाची गाडी तयार करविली आणि तींत स्वतः बसून हे झोके पारखले. त्यांतून असें दिसलें कीं, पुढची स्प्रिंग मऊ आणि मागची थोडी जलद असावी. खड्डा पुढच्या चाकांना आधीं लागतो; मागचा झोका उशिरां सुरू होऊन पुढच्याला गांठतो, आणि गाडी नाक-शेपूट न हलवितां सपाट राहते. फरक थोडाच हवा, हें महत्त्वाचें. पांच पाट्यांच्या जुडींत तितक्याच जाडीचा सहावा घातला तर कडकपणा सुमारें एक पंचमांशानें वाढतो. त्या जादा कडकपणावर डाळीचीं पोतीं ठेवावयाचीं असतील तर ठीक; ठेवावयाची होती ती एक कृश वृद्धा.

चिरंजीवांनीं मग गाडी दुसऱ्या, वयानें मोठ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानें प्रथम पान्याला हात लावला नाहीं; टायरची हवा मोजली. पेट्रोलपंपावरील पोऱ्यानें टायरच्या बाजूवर छापलेला आंकडा पाहून हवा भरली होती. तो आंकडा त्या टायरच्या सहनशक्तीची कमाल मर्यादा दाखवितो. गाडीस किती हवा हवी तें गाडीच्या पुस्तकांतच पाहावें, आणि टायर थंड असतां मोजावें. टायरवर चार आंकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. '२३१४' म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. या गाडीचे टायर नक्षीनें नवे होते, पण वयानें दहा वर्षांपलीकडचे. कमी फिरणाऱ्या गाडीचें असेंच होतें. रबर झिजण्यापूर्वींच दगड होतें.

नंतर गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडण्याची सर्वपरिचित परीक्षा झाली. दाबलेला कोपरा एकदां वर येऊन स्थिरावला तर शॉकअप चांगला, असें सांगतात, आणि मागचे दोन्ही कोपरे तत्काळ स्थिरावले. चिरंजीवांना हायसें वाटलें. म्हातारा हंसला आणि म्हणाला, "साहेब, हा शॉकअप नाहीं, गंज आहे." खालीं पाहतां उजव्या नळीवर तेलांत कालवलेल्या धुळीचा चिखल बसलेला होता, नळी केव्हांच रिकामी झाली होती. झोका थांबवीत होता तो पाट्यांमधला गंज.

सर्व दुखण्याचें मूळ येथें होतें. पाट्यांची जुडी वांकते तेव्हां एक पाटा दुसऱ्यावरून किंचित् घसरावा लागतो. मध्यें गंज साचला कीं लहान धक्क्यास ते एकमेकांस सोडीतच नाहींत. जुडी एका ठोकळ्यासारखी वागते, आणि पाटे असूनही गाडी केवळ टायरवर चालते. टायर दगड झालेले, हवा बेसुमार. मग त्या ठोकळ्यांत आणखी एक पाटा. जुडीचें मागलें टोंक शॅकल नांवाच्या ज्या झुलत्या कड्यांत असतें, तेंही कोरडें पडून अडकलें होतें.

मोठा खड्डा आला म्हणजे गंजाची पकड सुटे, आणि मग झोका आवरण्यास शॉकअप नसे. ही अवस्था त्रासदायक तर आहेच, धोक्याचीही आहे. ज्या चाकाचा शॉकअप मेला तें चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारतें, आणि जमिनीवर न टेकलेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग काय?

जुड्या उतरवून सोडविल्या, तारेच्या ब्रशानें एकेक पाटा घासला, जादा पाटा काढला, आणि ग्रॅफाइटचें ग्रीस लावून त्या पुन्हां बांधल्या. उजवीकडील जुडींतील एक पाटा टोंकाशीं तडकलेला निघाला, तो बदलला. जुडीच्या मध्यावरील बोल्टही तपासून घेतला. तो तुटला तर आंस जागचा सरकतो आणि गाडी खेंकड्यासारखी तिरकी चालते. मागचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलले, कारण एक नवा आणि एक थकलेला ही जोडी कधींच नीट चालत नाहीं. हे भाग हल्लीं सहज मिळत नाहींत. जुने ठेवणीतले मिळाले तरी लांबी जुन्याशीं ताडून घ्यावी; आंखूड नळी शेवटास जाऊन आदळते आणि गचका पुन्हां हजर होतो.

रबरी बुश बसवितांना म्हाताऱ्यानें एक गोष्ट आवर्जून केली. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरविली, वजन बसूं दिलें, मगच ते आवळले. गाडी जॅकवर असतांना आवळलेला बुश चाकांवर येतांच पिळलेला राहतो आणि लौकर फाटतो. करकरणाऱ्या बुशावर इंजिनचें तेल सोडण्याची अनेकांना हौस असते. त्यानें आवाज चार दिवस थांबतो आणि रबर फुगून सडतें.

पुढील बाजूस चाक उचलून, वरखालीं धरून हलविलें तेव्हां थोडी ढिलाई लागली. चिरंजीवांस ब्रेक दाबावयास सांगितला. ढिलाई तशीच राहिली. ब्रेक दाबल्यावर ती गेली असती तर दोष बेअरिंगचा ठरता. न गेल्यानें तो किंगपिनचा ठरला. पुढची गुंडाळलेली स्प्रिंग काढावयाची वेळ आली नाहीं. दाबलेल्या स्प्रिंगमध्यें हाड मोडण्याइतकें बळ असतें, तेव्हां घरच्या हौशी माणसानें त्या वाटेस जाऊंच नये. आणि नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं तर कोणींच शिरूं नये.

टायर बदलले, हवा पुस्तकाप्रमाणें भरली, पुढील चाकांचा रोख जुळवून घेतला. गाडी मागून पुन्हां दोन बोटें खालीं आली, आणि शेजाऱ्यांनीं "पाटे बसले वाटतें," असें विचारलेंही.

पुढच्या महिन्यांत आई डॉक्टरकडे जाऊन आल्या. परततांना त्यांनीं गाडी मंडईवरून घ्यावयास लावली आणि उतरून स्वतः भाजी घेतली. काढलेला सहावा पाटा अजून डिकींत आहे. पहिल्या मिस्त्रीस तो परत न्यावयाचा आहे, पण चिरंजीवांस तसा धीर होत नाहीं.