लक्ष्मीबाईंनी कुणाच्या हातचं पाणी घेतलं?

नाशिकजवळच्या जलालपूरची एक लेक, लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ चा. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय घरात चालायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं. १८९५ मध्ये नवरा, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. लहानगा मुलगा पदरात आणि नवरा असून वेगळं राहणं! नातेवाइकांनी सांभाळलं, पण पुढे काय, हा घोर रोजचाच.

मला आवडतं ते पुढचं. बाई नवऱ्यामागे डोळे मिटून गेल्या नाहीत. आधी मनाशी हिशेब लावला, ही जातीची उतरंड देवानं केली की माणसानं? माणसानं, असं पटल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. मग त्यांच्या घरात परकी मुलंही आपली म्हणून वाढली. १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

आमच्या गटात एक ख्रिस्ती ताई आहेत. नाताळला त्यांनी करंज्या आणल्या. दोघींनी घेतल्या, पण खाल्ल्या नाहीत. ताईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, “आम्ही प्रार्थनेत देवाला ‘आमचा’ बाप म्हणतो, ‘माझा’ नाही. मग तुम्ही माझ्या कोण?”

दोघी गप्प बसल्या. शनिवारच्या बैठकीचा चहा आता ताईंकडे आहे. दूध-साखर त्या दोघी आणणार आहेत.