हिरव्या लेसर पॉइंटरची पारख



बेळगावच्या दक्षिणेस वसलेले येळ्ळूर हे भातशेतीचे, चांगळेश्वरी देवीच्या यात्रेचे, कुस्तीच्या मैदानाचे आणि ग्रामीण साहित्य संमेलनाचे गाव म्हणून या भागात सर्वपरिचित आहे. गावाजवळच राजहंसगड उभा आहे. शहरातील दिव्यांच्या झगमगाटापासून दूर, अशा उंच व मोकळ्या जागी निरभ्र रात्री मुलांना जमवून आकाश दाखविणे, यासारखे विज्ञानशिक्षण दुसरे नाही. फेब्रुवारीच्या संध्याकाळी डोक्यावर आलेले मृग नक्षत्र, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, जवळच तेजाने तळपणारा व्याध आणि पश्चिमेकडे कृत्तिकांचा पुंजका हे सर्व साध्या डोळ्यांनी दिसते. अडचण असते ती नेमका तारा दाखविण्याची. शिक्षकाने बोट केले, तर शेजारी उभ्या असलेल्या मुलाला ते दुसऱ्याच ताऱ्याकडे गेल्यासारखे वाटते.

ही अडचण हिरवा लेसर पॉइंटर चुटकीसरशी दूर करतो. त्याचा किरण थेट ताऱ्यापर्यंत पोहोचल्याचा भास होतो आणि पन्नास मुलांना एकाच वेळी एकच तारा सापडतो. हे साधन आता काहीशे रुपयांत मिळते. बाजारात, यात्रेतील खेळण्यांच्या दुकानांत आणि घरपोच माल पाठविणाऱ्या कंपन्यांकडे ते सहज उपलब्ध आहे. शाळेसाठी ते घ्यावे किंवा कसे, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे. त्याचे उत्तर किमतीवर किंवा वेष्टनावरील मजकुरावर सोडून देता येणार नाही, कारण येथे मुलांच्या दृष्टीचा प्रश्न आहे.

किरण हिरवाच का?

थिओडोर मैमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० साली माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर किरण निर्माण केला. तो लाल होता. पुढे स्वस्त झालेले पॉइंटरही बहुधा लालच असत. परंतु मानवी डोळा सर्व रंगांना सारखा प्रतिसाद देत नाही. दिवसाच्या प्रकाशात तो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पोपटी हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो. सर्वसाधारण हिरव्या पॉइंटरची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर व लाल पॉइंटरची ६५० नॅनोमीटर असते. दोन्हींची शक्ती समान असली, तरी डोळ्याला हिरवा ठिपका लाल ठिपक्याहून सुमारे आठपट तेजस्वी वाटतो. शिवाय हवेतील रेणू व धूलिकण आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतात. त्यामुळे अंधारात हिरव्या किरणाची सबंध रेषा दिसते. लाल किरणाचा बहुधा फक्त शेवटचा ठिपकाच दिसतो.

प्रकाश विखुरण्याच्या याच क्षेत्रात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला जगद्विख्यात शोध लावला. तो दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. रामन परिणामाच्या अभ्यासासाठी आजच्या प्रयोगशाळांत ५३२ नॅनोमीटरचाच हिरवा लेसर अनेकदा वापरला जातो. तेव्हा या किरणाविषयी शाळेत कुतूहल असणे स्वागतार्हच म्हटले पाहिजे.

दृश्य किरणामागील अदृश्य किरण

मात्र स्वस्त हिरव्या पॉइंटरची अंतर्गत रचना समजून घेणे अगत्याचे आहे. त्यातील हिरवा प्रकाश सरळ निर्माण होत नाही. प्रथम एक छोटा अर्धवाहक लेसर ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश निर्माण करतो. तो निओडिमियमयुक्त स्फटिकावर पडला की १०६४ नॅनोमीटरचा दुसरा अवरक्त प्रकाश तयार होतो. दुसऱ्या एका स्फटिकातून जाताना त्याची तरंगलांबी निम्मी होते आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण बाहेर पडतो. या व्यवहारात पुष्कळसा अवरक्त प्रकाश शिल्लक राहतो. तो अडविण्यासाठी तोंडाशी एक छोटी काचेची गाळणी बसवावी लागते. किंमत कमी करण्याच्या नादात काही उत्पादक नेमकी हीच गाळणी गाळून टाकतात!

ही केवळ शंका नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली अशाच एका स्वस्त पॉइंटरची तपासणी केली. त्याचा हिरवा प्रकाश अगदी मंद होता, पण त्यातून सुमारे २० मिलिवॅट इतका अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता. त्याच संस्थेने २०१३ साली १२२ पॉइंटरांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर तेथील सुरक्षा नियमांत बसले नाहीत. त्या देशात पॉइंटरची कमाल मर्यादा ५ मिलिवॅट आहे. ब्रिटनमधील आरोग्य यंत्रणेचा सल्ला तर याहून कडक आहे. सर्वसामान्यांच्या हाती १ मिलिवॅटपेक्षा अधिक शक्तीचा पॉइंटर असू नये, असे ती म्हणते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मंद दिसणारा पॉइंटर निरुपद्रवी असतो, हा समज चुकीचा आहे. तेजस्वी प्रकाश डोळ्यावर पडला की पाव सेकंदाच्या आत पापणी आपोआप मिटते. निसर्गाने दिलेले हे संरक्षण होय. अवरक्त प्रकाश दिसतच नसल्याने त्याच्याबाबतीत पापणी मिटत नाही. डोळ्याचे भिंग मात्र त्यालाही एकवटून दृष्टिपटलावरील सूक्ष्म बिंदूवर आणून सोडते. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. त्यामुळे इजा झाल्याचे त्या क्षणी कळत नाही, आणि कळते तेव्हा उपाय हाती राहिलेला असतोच असे नाही.

शाळेत करता येण्याजोगी परीक्षा

सुदैवाने या दोषाची प्राथमिक परीक्षा घेण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वर उल्लेखिलेल्या शास्त्रज्ञांनीच घरगुती वस्तूंची एक रीत सुचविली होती. तिच्या धर्तीवर गाण्याची जुनी सीडी, पांढरा पुठ्ठा, दूरचित्रवाणी संचाचा रिमोट आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्या सामग्रीवर काम भागते. परीक्षा शिक्षकाने स्वतः करावी. मुले त्या वेळी खोलीत नसावीत.

प्रथम कॅमेऱ्याची परीक्षा घ्यावी. अंधाऱ्या खोलीत रिमोटचे बटण दाबून त्याचे टोक कॅमेऱ्यातून पाहावे. तेथे दिवा लुकलुकताना दिसला, तर तो कॅमेरा अवरक्त प्रकाश टिपतो असे समजावे. मोबाइलच्या पुढील कॅमेऱ्याने हे बहुधा साधते. मागील कॅमेऱ्यात गाळणी असल्यामुळे अनेकदा काहीच दिसत नाही.

त्यानंतर पुठ्ठ्याला मध्यभागी बारीक भोक पाडून तो उभा करावा आणि त्याच्यासमोर १० सेंटिमीटरवर सीडीची चकाकती बाजू येईल अशी ती पक्की बसवावी. पॉइंटर हातात न धरता पुठ्ठ्यामागे बांधून ठेवावा. किरण भोकातून जाऊन सीडीच्या मधल्या छिद्रावर न पडता चकाकत्या भागावर सरळ पडला पाहिजे. सीडीवरील सूक्ष्म रेघा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात आणि त्या प्रकाशाची तरंगलांबीनुसार फाटाफूट करतात. परत फिरलेला प्रकाश पुठ्ठ्यावर ठिपक्यांच्या रूपाने उमटतो. पहिला हिरवा ठिपका भोकापासून सुमारे साडेतीन सेंटिमीटरवर आणि दुसरा सुमारे नऊ सेंटिमीटरवर पडतो. डोळ्याला या दोहोंच्या मधली जागा रिकामी दिसते. आता तीच जागा कॅमेऱ्यातून पाहावी. भोकापासून सहा सेंटिमीटरच्या सुमारास तेथे एखादा ठिपका दिसला, तर तो ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश होय. असा पॉइंटर शाळेत ठेवू नये.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. सीडीऐवजी डीव्हीडी वापरू नये. तिच्या रेघा अधिक जवळ असल्याने ही मापे लागू पडत नाहीत. तसेच डोळा किंवा कॅमेरा किरणाच्या अथवा परावर्तित किरणाच्या वाटेत कधीही आणू नये. केवळ पुठ्ठ्यावरील ठिपकेच पाहावेत, तेही बाजूने.

शक्तीचा ढोबळ अंदाज घेण्याचीही एक रीत आहे. अंगणातील छोट्या सौर दिव्यात असतो तसा एकच सौर घटक घ्यावा. अनेक घटक जोडलेली पट्टी नको. अंधाऱ्या खोलीत तो मल्टिमीटरला मिलिअँपिअरच्या मापावर जोडावा आणि पॉइंटरचा संपूर्ण ठिपका त्यावर पाडावा. ५ मिलिवॅट हिरव्या प्रकाशाने साधारणपणे दीड ते दोन मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. काटा त्याहून बराच पुढे गेला, तर एक तर हिरवा किरण मर्यादेबाहेर आहे, नाही तर त्यात अदृश्य प्रकाश मिसळला आहे. दोन्ही स्थितींत तो पॉइंटर त्याज्य होय.

या परीक्षांची मर्यादाही ध्यानात असावी. त्या सदोष पॉइंटर पकडू शकतात, परंतु पॉइंटर निर्दोष असल्याचा दाखला देऊ शकत नाहीत. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश सीडीवरून नेमका दुसऱ्या हिरव्या ठिपक्याच्याच जागी पडतो, आणि साधा कॅमेरा त्याला क्वचितच टिपतो. म्हणून परीक्षेत उतरलेला पॉइंटरही केवळ शिक्षकाच्याच हाती असावा. खरेदी करताना शक्यतो १ मिलिवॅटच्या आतील, लेसरचा वर्ग २ असा स्पष्ट उल्लेख असलेला पॉइंटर निवडावा. अलीकडे सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश थेट निर्माण करणारे पॉइंटर मिळू लागले आहेत. त्यांत अवरक्त प्रकाशाचा प्रश्नच उद्भवत नाही. काडी पेटविण्याची किंवा फुगा फोडण्याची जाहिरात ज्याची केली जाते, तो पॉइंटर शाळेच्या दारातही येता कामा नये.

आकाशातील वाटसरू

बेळगावच्या पूर्वेस सांबरा येथे विमानतळ असून भारतीय वायुदलाचे प्रशिक्षण केंद्रही तेथेच आहे. ५ मिलिवॅटचा सर्वसाधारण हिरवा किरण सुमारे १६ मीटरपर्यंत डोळ्यास प्रत्यक्ष इजा करू शकतो. सुमारे ८० मीटरपर्यंत तो क्षणभर अंधत्व आणतो, सुमारे ३५० मीटरपर्यंत डोळे दिपवितो आणि तब्बल साडेतीन किलोमीटरपर्यंत वैमानिकाचे लक्ष विचलित करू शकतो. वैमानिकाच्या काचेवर पसरणारा हा हिरवा झोत विमान उतरण्याच्या ऐन क्षणी किती घातक ठरेल, हे सांगावयास नको. गडावर आकाशदर्शन करताना विमानाचा लुकलुकता दिवा दिसताच पॉइंटर बंद करावा आणि तो दिवा दृष्टिआड होईपर्यंत पुन्हा लावू नये.

उत्सवप्रसंगी वापरले जाणारे लेसर दिवे तर या लहान पॉइंटरच्या कितीतरी पट शक्तिशाली असतात. २०२३ सालच्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर काही तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे नाशिक येथील नेत्रतज्ज्ञांनी निदर्शनास आणले होते. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा दिव्यांच्या वापरास मनाई केली. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी यापासून बोध घ्यावा. यात्रेत मुलाने हट्ट केला म्हणून खेळणे समजून लेसर घेऊन देणे, हे प्रेम नव्हे.

कर्तव्याची वाटणी

मित्रहो, या साधनाचा धिक्कार करण्याचे कारण नाही. विळा शेतकऱ्याच्या हाती पीक कापतो आणि तोच अजाण बालकाच्या हाती बोट कापतो. म्हणून शेतकरी विळा टाकून देत नाही. तो आढ्याला खोचून ठेवतो. पॉइंटरलाही तोच न्याय लागू आहे. शाळा सुधारणा समितीने खरेदीपूर्वी त्याचा वर्ग व शक्ती पाहावी. मुख्याध्यापकांनी तो कुलुपात ठेवावा व वापराची नोंद करावी. विज्ञानशिक्षकाने वरील परीक्षा केल्याशिवाय तो मुलांसमोर आणू नये. पालकांनी मुलांच्या दप्तरात असे साधन आढळल्यास ते काढून घ्यावे. डोळ्यात किरण गेल्यावर दिसण्यात काळा डाग किंवा धूसरपणा जाणवल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

वर्गातील फळ्यासाठी तर वेळूची काठी आजही पुरेशी आहे. तिला ना सेल लागतो, ना गाळणी. पॉइंटरची खरी गरज आहे ती आकाशासाठी. ज्या गावची मुले मृगाचा बाण आणि सप्तर्षींचा पलंग ओळखतात, त्या गावात विज्ञान परके राहत नाही. ते तारे मुलांना जन्मभर पाहता यावेत, यासाठी स्वस्त वस्तू घेताना पारखून घेणे आणि घेतल्यावर जपून वापरणे एवढेच प्रत्येकाकडून अपेक्षित आहे.