श्रवणबेळगोळ : वीस पहारेकऱ्यांचे गाव

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात विंध्यगिरी व चंद्रगिरी या टेकड्यांच्या मध्ये, तळ्याच्या काठी श्रवणबेळगोळ हे लहानसे गाव वसले आहे. ‘बेळगोळ’ म्हणजे धवल सरोवर. गंग राजवटीचे मंत्री व सेनापती चावुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारविलेली भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फुटी अखंड पाषाणमूर्ती जगद्विख्यात आहे. तिच्या पायाशी मराठी शिलालेख आहे, हेही सर्वश्रुतच. १३६८ सालच्या शिलालेखाकडे मात्र यात्रेकरूंचे सहसा लक्ष जात नाही.

त्या काळी जैन व वैष्णव यांच्यात वाद उद्भवला. जैनांनी विजयनगरचे बुक्कराय यांच्याकडे दाद मागितली. राजाने जैनांचा हात वैष्णवांच्या हाती दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही, असे घोषित केले. निवाडा एवढ्यावरच थांबला असता, तर तो केवळ सद्भावनेचा उद्गार ठरला असता. परंतु खरे मर्म पुढील हिशोबात आहे. राज्यातील प्रत्येक जैन घराने दरवर्षी एक हण, म्हणजे एक लहान सुवर्णनाणे द्यावे. त्यातून वैष्णवांनी बेळगोळच्या देवासाठी वीस रक्षक नेमावेत आणि उरलेल्या रकमेतून जीर्ण जिनालयांची डागडुजी करावी, असे ठरले. देव जैनांचा, द्रव्य जैनांचे, पहारा मात्र वैष्णवांचा!

लोकवस्तीचे चित्र आजही फारसे निराळे नाही. या तीर्थाच्या गावी जैन कुटुंबे अल्पसंख्यच आहेत. २०१८ च्या महामस्तकाभिषेकास लाखो भाविक आले आणि परतले. टेकडीखाली राहिले ते बहुतांशी जैनेतर शेतकरी, दुकानदार व मजूर.