प्रवाळांच्या टाकीत खडक थोडाच ठेवा



शोभिवंत माशांच्या जोडधंद्यात पडलेले काहीजण आता खाऱ्या पाण्यातील प्रवाळांच्या काचटाकीविषयी विचारतात. मी कृषिविद्येचा माणूस. पण त्या टाकीत चालते ते आपल्या जमिनीतलेच काम आहे. युरियापासून झालेल्या अमोनियाचे जिवाणू नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. टाकीत माशांपासून सुटणाऱ्या अमोनियावर हेच काम सच्छिद्र खडकातील जिवाणू करतात.

म्हणूनच 100 लिटर पाण्याला 12 ते 24 किलो खडक, असा जुना ठोकताळा होता. मीही घरच्या टाकीत मागच्या काचेला टेकवून दगडी बांधच घातला. त्यामागे पाणी हलेना. गाळ साचून कुजला, नायट्रेट वाढले, शेवाळ चढले आणि मऊ प्रवाळ मिटू लागले. दाट पेरणीत हवा खेळत नाही, तसाच प्रकार!

आता मी खडकांची दोनच बेटे ठेवतो, चारही काचांपासून हात फिरेल इतकी सुटी. खडक वाळूवर न ठेवता टाकीच्या तळावर टेकवावा. वाळू उकरणारे मासे तो कलंडवतात. मात्र खडक कमी, तर मासेही कमीच सोडावेत. कोरड्या खडकात जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. तोवर धीर धरावा. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नयेत.

आणि मालवणच्या समुद्रातून प्रवाळ तोडून आणण्याचा विचारही करू नका. खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सच्छिद्र चुनखडीचा कोरडा दगड स्वच्छ धुऊन वापरावा.