मनाच्या वैद्याची चौकशी



पुणेकर चौकस आहे, हे त्याचे टीकाकारही मान्य करतील. लग्नाचे कार्यालय ठरवायचे तर तो चार ठिकाणी जाऊन पंगत किती पानांची बसते, पाण्याची सोय कशी, हे पाहून येतो. हापूसची पेटी घ्यायची तर मंडईत तीन गाळे हिंडून तळातले फळ काढून हुंगतो. गुडघ्याचे ऑपरेशन निघाले, की ज्याने ज्याने गुडघा बदलून घेतला त्या साऱ्या परिचितांना विचारणा होते : डॉक्टर कोण, खर्च किती, जिना चढायला कधी लागलात? परंतु याच घरात मुलाला रात्र रात्र झोप लागेनाशी झाली, सुनेचे कशातच मन लागेना, निवृत्त झालेले वडील दिवसभर भिंतीकडे पाहत बसू लागले, तर चौकशीचे दार एकाएकी बंद होते. 'होईल हळूहळू बरे' असे म्हणत महिने जातात, वर्षे जातात. आणि अखेर घाईघाईने जे दार उघडे दिसेल त्यात माणसाला नेले जाते. ते योग्य निघाले तर दैव, न निघाले तर 'या उपचारांत काही अर्थ नाही' असा निकाल देऊन सगळे मोकळे होतात.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या शहरात वसंत व्याख्यानांची प्रथा घातली, तेव्हापासून पुण्यात राज्यकारभारापासून परमार्थापर्यंत साऱ्यांची जाहीर चर्चा झाली. आज आमचा विषय त्या मानाने घरगुती आहे. आमचे म्हणणे एवढेच, की मनाच्या दुखण्यावर जाणता माणूस मिळणे पुण्यात अशक्य नाही. अडते ते आपल्या चौकशीपाशी. ती कोणाकडे करावी आणि कशी करावी, एवढेच सांगण्याचा आम्ही प्रयत्न करू.

ही चौकशी का अडते? कारण आपल्या बोलण्यात 'येरवडा' हा शब्द शिवीसारखा बसला आहे. तेथील प्रादेशिक मनोरुग्णालय शंभराहून अधिक वर्षांचे आहे, त्याच्या मंजूर खाटा २५४० आहेत, आणि देशातल्या अगदी मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. परंतु आपण त्याचा उपयोग मुख्यतः थट्टेसाठी केला. परिणाम असा झाला, की माणसांचे दोनच वर्ग आपल्या डोक्यात राहिले : शहाणे आणि येरवड्याचे. मधला मोठा प्रांत नकाशातूनच नाहीसा झाला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तरी तिचे आकडे आपणही ऐकण्यासारखे आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत भरले. हाच हिशेब येथे धरला, तर या मंडपातल्या प्रत्येक शंभरांत दहा जण असे निघतील. त्यांतले बहुतेक कचेरीत जातात, स्वयंपाक करतात, व्याख्यानाला येतात.

आता दारांविषयी. पहिले दार आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे. हे ऐकून काहींना नवल वाटेल. पण थायरॉईडचे काम मंदावले, रक्त कमी झाले किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव पडली, तरी माणूस निरुत्साही, चिडचिडा आणि विसराळू होतो. रक्त तपासून या गोष्टी आधी पाहाव्यात. शिवाय पुढे कोणाकडे जावे, हे पुष्कळदा हेच डॉक्टर सर्वांत चांगले सांगतात.

दुसरे दार मनोविकारतज्ज्ञाचे. हे मूळचे वैद्यकीय डॉक्टर, त्यांनी एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका घेतलेली असते आणि त्यांची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्यांचा. ज्याला भास होतात, संशयाने पछाडले आहे, जो चार-चार रात्री झोपेशिवाय उत्साहात हिंडतो आहे किंवा ज्याचे खाणेपिणे व अंथरुणातून उठणेही थांबले आहे, त्याला प्रथम येथेच न्यावे. औषधांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात; किरकोळ त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवतो. म्हणून पुष्कळ लोक आठव्या दिवशी गोळी टाकून देतात आणि दोष डॉक्टरांना देतात. दुसरे काही बरे वाटताच बंद करतात. दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय करू नयेत.

तिसरे दार चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे. यांचे शिक्षण मानसशास्त्राचे, एम.ए.नंतर रुग्णालयात राहून एम.फिल.सारखे प्रशिक्षण त्यांनी घेतलेले असते, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंद असते. हे औषध देत नाहीत. चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. हे बोलणे म्हणजे गप्पा नव्हेत. अमेरिकेत आरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांनी जी पद्धत घडवली, तिच्यात मनात आपोआप उमटणारे विचार पकडणे, ते खरे किती याची तपासणी करणे आणि घरी सराव करणे, असा शिस्तीचा अभ्यास असतो. एलिस यांची विचारसरणी मराठीत किशोर फडके यांनी आणली, म्हणून 'विवेकनिष्ठ' हा शब्द आता आपल्याकडे अनेकांना परिचित आहे. बैठक साधारण पाऊण ते एक तासाची, बहुधा आठवड्यातून एकदा. आणि गुण यायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

चौथे दार समुपदेशकाचे. परीक्षेची धास्ती, नवराबायकोतली कटकट, नोकरी जाणे, जवळच्या माणसाचा मृत्यू, अशा प्रसंगी चांगला समुपदेशक फार उपयोगी पडतो. पण येथेच चौकशीची गरज सर्वांत अधिक आहे. या एका शब्दाखाली मानसशास्त्राची एम.ए. झालेले आणि अनुभवी देखरेखीखाली काम शिकलेले लोकही येतात, आणि थोड्या दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीला लावलेलेही येतात. पाटी दोघांची सारखीच असते.

म्हणून पहिल्या भेटीत, किंबहुना फोनवरच, पाच प्रश्न विचारावेत. आपले शिक्षण काय आणि नोंदणी कोठे? या तऱ्हेच्या त्रासावर आपण पूर्वी काम केले आहे का? पद्धत कोणती आणि साधारण किती बैठका लागतील? शुल्क किती, आणि ते न झेपल्यास काही सवलत आहे का? औषधांची गरज दिसली तर कोणाकडे पाठवाल? हे विचारणे उद्धटपणाचे नाही. जो जाणता आहे तो शांतपणे उत्तर देतो. ज्याला राग येतो, त्याने आपले उत्तर दिलेच आहे. जो खात्रीने बरे करण्याची हमी देतो, आपले बोलणे नातेवाइकांना परस्पर सांगतो किंवा उपचाराच्या जोडीने खडे-गंडे सुचवतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणारा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार ठरतो. त्या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात झाला. पुणेकराने हे विसरू नये.

शिक्षण योग्य आणि माणूसही सज्जन असून सूर जुळला नाही, असेही होते. तीन-चार बैठका द्याव्यात. तरीही मन मोकळे होत नसेल तर तसे सांगून दुसरा पाहावा. शिंपी बदलताना जितका संकोच वाटतो, त्याहून अधिक येथे वाटण्याचे कारण नाही.

'हे सारे पैसेवाल्यांचे काम', असे कोणी म्हणेल. खासगी बैठकांचा खर्च अनेकांना जड जातो, हे खरे आहे. पण ससून रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येते. त्याच्याच आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात हा विभाग आहे. येरवड्याच्या रुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथे गेले म्हणजे आत ठेवून घेतात, ही समजूत चुकीची. दारूने घर पोखरले असेल, तर 'मुक्तांगण' आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने १९८६ साली ते सुरू केले, आणि तेही मनोरुग्णालयाच्या आवारातच. ज्या फाटकाची शहराने थट्टा केली, त्याच फाटकातून कितीतरी माणसे शुद्धीवर येऊन घरी परतली. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 'देवराई' हा २००४ चा चित्रपट तिच्याच पाठबळाने निघाला. या चळवळीतली मंडळी रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शब्द बदलला की घरातली भाषाही बदलते, हे त्यांनी ओळखले. सांभाळणारी आई किंवा बायको स्वतः खचते. तिलाही बसून बोलायला जागा हवी, हे अशा गटांत गेल्यावर कळते.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. चौकशी अडते ती पैशांपाशी जितकी, तितकीच 'स्थळा'पाशी. 'उद्या मुलीचे लग्न ठरवताना कोणी विचारले तर?' हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. तो आईबापांच्या काळजीतून आलेला आहे. पण कायदा काय म्हणतो ते पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जी अट घातली आहे, ती संमती देण्यास असमर्थ असणे, विवाहास अपात्र ठरवील इतका तीव्र विकार असणे किंवा वेडाचे झटके वारंवार येणे याविषयी आहे. कोणी चार महिने समुपदेशन घेतले किंवा नैराश्यावर गोळ्या घेतल्या, एवढ्याने कोणी अपात्र ठरत नाही. उलट लपवण्याची किंमत पाहा. दीर्घ आजार असलेल्या मुलीचे लग्न गुपचूप उरकले जाते, सासरी डबीतली गोळी दिसेल या भीतीने ती गोळी बंद करते, आजार उलटतो, आणि मग घटस्फोट, कोर्ट आणि दोन घरांची धूळधाण. गोळीने तिचे नुकसान केले नव्हते; लपवण्याने केले. मोठा आजार असेल तर तो आधी सांगून केलेले लग्न उशिरा जमेल, पण पायावर उभे राहील. आणि हाच चौकस पुणेकर दहावी झालेल्या मुलाला कलचाचणीला नेतो, अहवाल शेजाऱ्यांना दाखवतो. शास्त्र तेच, खोलीही पुष्कळदा तीच. मग दुसऱ्या कारणासाठी त्याच खोलीत जाताना छत्री आड का धरावी?

एका प्रसंगात मात्र चौकशीत वेळ घालवू नये. कोणी 'मला जगायचे नाही' असे बोलला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर ती धमकी किंवा नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरते, हा समज चुकीचा आहे. त्याला जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, ती विनामूल्य, अहोरात्र आहे आणि मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक अशी गोष्ट दडपतात. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. त्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलमच उरले नाही. याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क केला, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच लेखावे असे बंधन घातले. पॉलिसीचा कागद काढून एकदा वाचावा.

श्रोतेहो, मनाला वैद्य शोधून दिला म्हणजे दुःख नाहीसे होते, असे आम्ही म्हणत नाही. काही आजार जन्माची सोबत करतात. काही वेळा पहिला उपाय लागू पडत नाही, दुसरा शोधावा लागतो. पण चार महिन्यांत दाखवलेला आजार आणि चार वर्षांनी दाखवलेला आजार यांत एका माणसाच्या शिक्षणाचे, नोकरीचे, कधी कधी जिवाचे अंतर असते. ते अंतर कमी करणे कोणा एका डॉक्टरच्या हाती नाही. शेजाऱ्याच्या, मावशीच्या, वर्गशिक्षकाच्या, सोबत काम करणाऱ्याच्या हाती आहे. उद्या कोणी आपल्याला हलक्या आवाजात विचारले, 'तुमच्या माहितीत कोणी आहे का हो?' तर 'कोणासाठी?' हा आपला नेहमीचा प्रश्न गिळून टाकावा. माहीत असलेले नाव सांगावे, आणि जमल्यास 'पहिल्या दिवशी मी बरोबर येतो' असे म्हणावे. आपल्यापैकी ज्यांनी स्वतः असा उपचार घेतला आहे आणि ज्यांना गुण आला आहे, त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनइतक्याच सहजपणे ते चारचौघांत सांगितले, तर आमच्या या व्याख्यानाहून अधिक काम होईल.