पाटी बदलते, भाषा राहते



यजमानांच्या बदलीमुळे मी साताऱ्याहून इंदूरला आले. राजवाड्याच्या गर्दीत रिक्षा कोणत्या बाजूने पुढे येईल, याचा अंदाज लागत नसे. पण रस्ता विचारला, की अनोळखी माणूस आपली गाडी पुढे घालून वळणापर्यंत पोहोचवीत असे. आमच्या घरी पोहे फोडणीत परततात; येथे ते वाफेवर मऊ राखतात, वर शेव-जिरावन आणि सोबत जिलबी! रात्री सराफ्यात दागिन्यांची दुकाने मिटली, की भुट्ट्याच्या किसाचा दरवळ सुटतो.

दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आमच्या स्कूटरच्या पाटीवरचे ‘एमएच’ जाऊन ‘एमपी’ आले. मुलांच्या भाषेला असा नियम नाही. तरीही बदली होऊन आलेले पालक प्रवेशाच्या वेळी विचारतात, “बाई, इथे मराठीचा उपयोग काय?” मी विचारते, “सुट्टीत गावी गेल्यावर मूल आजीशी कोणत्या भाषेत बोलेल?” हिंदी ते खेळाच्या मैदानावर सहज उचलते, मराठी वाचन मात्र शिकवावेच लागते.

होळकरांच्या काळापासून येथे नांदणाऱ्या मराठी घरांनी इथली चव आपलीशी केली आणि मराठीही राखली. म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात आपणा सर्वांना एकच विनंती: शेजारी नवे मराठी कुटुंब आले, तर आधी पोहे-जिलबीला बोलवा, मग शाळेचा रस्ता दाखवा.